यंदा हायवेने

बाबा,

यंदा गणपतीला गावी हायवेने गेलो. तुम्ही असता तर हातातला चहाचा कप खाली ठेवून म्हणाला असता, "गणपतीला? हायवेने? डोकं ठिकाणावर आहे ना?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दर भाद्रपदात मी मुलुंडहून गाडी काढतो ती तुमच्याशी मनातल्या मनात वाद घालतच. आता परत येऊन दोन आठवडे झाले. पाठ अजून धरलेली आहे, ऑफिसात पवईला खुर्चीत बसलं की कळ येते, आणि बायको म्हणते की इतका त्रास होतो तर ट्रेनची तिकिटं का नाही काढत. तिला काय सांगू? तिकिटं मिळत नाहीत हे खरं, पण ते अर्धंच कारण आहे.

तुमचं रस्त्याचं वेड तुमच्या कारखान्यातसुद्धा प्रसिद्ध होतं. ती सेकंडहँड व्हॅन घरी आली आणि तुम्ही सरळ रस्त्याने जाणं सोडूनच दिलंत. बोरिवलीला आत्याकडे जायचं तर भांडुपच्या गल्ल्यांतून, मग पवई, मग आरेच्या झाडीतून. आत्या विचारायची, "इतका वेळ कुठे होतात रे?" आणि तुम्ही अभिमानाने सांगायचात की एकाही सिग्नलला थांबलो नाही. गणपतीच्या आधी तर आठवडाभर संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तुम्ही चेकनाक्यावर जायचात. तिथे गोव्याकडून आलेले ट्रकवाले थांबलेले असायचे. त्यांना चहा पाजून कुठला घाट चालू, कुठे दरड आली, सगळं काढून घ्यायचात. मग जेवताना जाहीर व्हायचं, यंदा ताम्हिणी, यंदा कराडवरून, यंदा राधानगरीतून फोंडा घाट. आई पानात वाढता वाढता हं म्हणायची. तुम्हाला ते हं म्हणजे संमती वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

मला तो फोंडा घाट अजून दिसतो. धुकं आहे, वायपर करकरतोय, मागच्या सीटवर मी आणि ताई पिशव्यांमध्ये चेपलेलो. आई पुढे काचेला डोकं टेकून बसली आहे, एका हातात अर्धं लिंबू, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. दर चार वळणांनी तुम्ही गाडी बाजूला घेताय, ती उतरते, ओकते, चूळ भरते, पदराने तोंड पुसून परत बसते. तुम्ही म्हणताय, "बघ, हवा किती झकास आहे. तिकडे माणगावला लोक उन्हात शिजत असतील." आई लिंबू नाकाशी धरते. तुम्ही शीळ घालत गियर टाकताय.

मी गाडी शिकलो तेव्हाची एक गोष्ट तुम्ही बहुतेक विसरला असाल. घाटकोपरला रविवारी गाड्यांची रांग लागली होती आणि मी मुकाट्याने तिच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. तुम्ही इतके ओरडलात की शेजारच्या रिक्षावाल्याने वळून बघितलं. "पुढचा थांबला म्हणून तूही थांबलास? मेंढरू आहेस काय?" तेव्हापासून बाबा, माझा पाय ब्रेकवर फार वेळ टिकत नाही. लग्नाच्या वाढदिवसाला मनोरीला निघालो तरी मार्वेच्या जेटीवर रांग दिसली की मी भाईंदरवरून वळसा घालून जायला तयार. बायको म्हणते, ही आजाराची लक्षणं आहेत.

तर यंदा गणपती बसवायची आपली पाळी होती. मोठे काका, मधले काका आणि तुम्ही, तीन घरांत फिरणारी पाळी. तिसऱ्या वर्षी आपल्याकडे येते. मूर्ती आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत घरात यायला हवी, आणि ज्याची पाळी त्या घरातल्या थोरल्या बाईने उंबऱ्यावर उभं राहून मूर्ती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायचं, ओवाळून आत घ्यायचं. तुम्ही गेल्यापासून आईने एकही पाळी चुकवलेली नाही. आता तिचे गुडघे गेलेत, एका कुशीवर फार वेळ झोपवत नाही. निघायच्या आधी ती मला म्हणाली, "पुढच्या पाळीक मी असेन असं काय मला वाटत नाय. एवढी करू दे." तेव्हाच मी ठरवलं होतं की काही झालं तरी हिला वेळेवर उंबऱ्यावर उभी करायची. फोन कोल्हापूरवरून जा म्हणत होता. फोंडा चालू होता. तुमचाच रस्ता. आणि पहाटे गाडीत बसल्यावर आई म्हणते, "हायवेन् ने. घाट नको."

मी समजावलं. बायकोने समजावलं. "आई, अडकू ना आपण. वाट लागेल नुसती."

"लागू दे. सगळे जातत ना?"

गेलो. आणि माणगावच्या अलीकडे जे थांबलो ते थांबलोच. पुढे गाड्या, मागे गाड्या, बोरिवलीच्या एका मंडळाची बस आमच्या शेजारी. मी स्टिअरिंगवर बोटं आपटत होतो, आणि आईने काच खाली केली. बघतो तर ती बसमधल्या एका बाईशी बोलतेय. ती बाई निघाली आमच्या पलीकडच्या गावची. मग घाटकोपरच्या एका कुटुंबाने थर्मासमधला चहा दिला, आईने डब्यातले शेंगदाण्याचे लाडू वाटले, बसमधल्या पोरांनी भजन धरलं आणि आईने खिडकीत टाळ्या वाजवल्या. माझी लेक तिच्याकडे बघतच राहिली. आजीला असं तिने कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

"तुला मजा येतेय," मी जरा चिडूनच म्हणालो.

"मग! एवढी वर्षं तुझ्या बाबांनी मला घाटात ओकायला लावलं. मला वाटायचं, एकदा तरी सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहूया."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आणलं असतं त्यांनी. आणि मग दिवसभर रांगेत चिडून बसले असते. त्यापेक्षा ओकलेलं परवडलं."

बायको हसली. मला हसू आलं नाही. आम्ही अजून चिपळूणच्याही अलीकडे होतो आणि ऊन कलायला लागलं होतं. तेवढ्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला, तो मी स्पीकरवर टाकला. मूर्ती गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराकडून, निघायची वेळ झाली होती, आणि तो विचारत होता, "काकी, थांबूया काय? तुमची पाळी आसा."

मी आईकडे बघितलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला. "देवाक ताटकळत ठेवू नको रे. तुझ्या बायकोक सांग पाणी घालूक. आमी येतव सावकाश." आणि फोन परत देऊन तिने डब्यातला उरलेला लाडू माझ्या लेकीला दिला.

पोचलो तेव्हा कंदील लागले होते, मूर्ती आत गेली होती. उंबऱ्याशी पायरी ओली होती. आई तिथे क्षणभर थांबली, मग माझ्या खांद्यावर भार टाकून आत गेली आणि जेवणं होईपर्यंत सगळ्यांना हायवेच्या गोष्टी सांगत बसली. वाडीतला एक जण पडवीत आला होता, आंघोळ वगैरे करून ताजातवाना. आमच्यानंतर मुलुंडहून निघालेला. "फोंड्याने आलो यार, एकदम मोकळा," तो मोठ्याने सांगू लागला, तसं मी त्याला हाताला धरून अंगणात नेलं.

तेव्हा बाबा, तुमचा रस्ता बरोबर होता. आईला वेळेवर उंबऱ्यावर उभं करता आलं असतं. हे मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुम्हालाही हे पोचणार नाही, म्हणूनच पुढचं लिहितो. ती हसत हसत सगळ्यांना सांगत होती, इतक्या वर्षांत एवढी खूश मी तिला पाहिली नव्हती, आणि तो माणूस गेल्यावर मी अंगणात एकटा उभा राहून तिच्यावर चिडलो होतो. अजूनही थोडा चिडलेलाच आहे.