पाखरीच्या पायाची सोनोग्राफी

२ डिसेंबर १९९३, मानवत
अखेर मशीन आलं. मेहुणे दिनकरराव परभणीत बाळंतपणाचा दवाखाना चालवतात. त्यांनी नवं सोनोग्राफी मशीन घेतलं, जुनं मला दिलं. दिलं म्हणजे अडगळ काढली. असो. कुत्र्यांच्या टेंडनची, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीची, सोनोग्राफी करणारा मराठवाड्यातला पहिला पशुवैद्य मीच! आजवर सगळी नोकरी बैलांच्या शेपटीखाली गेली. शिसारी आलीय.
दिनकरराव म्हणाले, याचा प्रोब, अंगावर फिरवायचा तो दांडा, पोटासाठी आहे, कातडीजवळचं नीट दिसत नाही. जळतात.

७ डिसेंबर
पहिली केस. देवगाव फाट्याकडचा लिंबाजी, मेंढरं राखतो. त्याची करवानी जातीची शिकारी कुत्री, पाखरी. लांडग्यामागे पळताना खड्ड्यात पाय गेला. मागच्या उजव्या टाचेवर सूज. लिंबाजी म्हणाला, "सायेब, ही हाय म्हणून मेंढरं हायेत."
केस भादरले. गोचिड्याच गोचिड्या! एक माझ्या बाहीत शिरली. विद्यापीठ नामांतराच्या बंदमुळे एस.टी. नाही, म्हणून प्रोबखाली लावायचं जेल परभणीहून आलं नाही. खोबरेल लावलं. पडद्यावर नुसतं धुकं. दोष तेलाचा.

१० डिसेंबर
जेल आलं. पाखरी माझ्यावर ओकली. रुख्मिणीने शर्ट काडीने उचलून अंगणात टाकला. म्हणाली, आजपासून तुमचं ताट पडवीत. संशोधकाची बायको!

११ डिसेंबर
विजय! एका हाताने पाय धरला, दुसऱ्याने प्रोब. वर धुकं, पण खाली पांढरीशुभ्र, अखंड रेघ. फोटो काढला. टेंडन शाबूत, नुसती मुरगळ. लिंबाजीला सांगितलं, बांधू नको, पळू दे.
म्हणाला, "पर सायेब, ती तर पाय टेकीना."
पडदा बघून बोलायची अक्कल या लोकांना कधी येणार?

१५ डिसेंबर
हैदराबादच्या परिषदेसाठी निबंध सुरू. शीर्षक झालं. सूटचं मापही दिलं.

१९ डिसेंबर
लिंबाजी पाखरीला खांद्यावर घेऊन आला. काल पहाटे लांडगा शिरला, ही धावली, आणि किंचाळून पडली. टेंडन पार तुटलं. टाच जमिनीला घासते. दोन कोकरं गेली.
मी म्हणालो, फार पळवलीस. त्याने पाखरीला अलगद खाली ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुत्रीने माझा हात चाटला. चिकट लाळ. साबणाने धुतला, तरी वास जाईना.

२० डिसेंबर
दिनकरराव आले. फोटो उजेडाकडे धरला, पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं. विचारलं, पाय कोणी धरला होता? मी. कसा? खालून, अंगठ्यावर.
"दाजी," ते म्हणाले, "हा तुमचा अंगठा आहे."
रुख्मिणी हसली नाही. आत निघून गेली. जेवण गेलं नाही. निबंध बंबात घातला.

२ जानेवारी १९९४
देवगाव फाट्याला गेलो. पाखरीचं ऑपरेशन लिंबाजीने परभणीत दुसऱ्याकडून करून घेतलं. पायाला प्लास्टर. मला पाहून तिने शेपूट हलवली. प्लास्टर फार घट्ट नाही ना, एवढंच बघायला वाकलो.
लिंबाजी मधे येऊन उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "सायेब, चहा घ्या. पायाला तेवढा हात लावू नका."
शेळीच्या दुधाचा चहा. वर साय, सायीत लोकर. 
सगळा प्यालो.