चौथ्या तारेची जागा कोरी

मी, हॉलिस ट्रुएट मेब्री, वय वर्षे एकाहत्तर, राहणार कोर्सिकाना, नव्हारो काउंटी, टेक्सास, पूर्वीचा धंदा स्टील गिटारवादन, हल्लीचा धंदा खिडकीत बसणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वहस्ते लिहीत आहे. स्वहस्ते म्हणजे उजव्या हाताने. डावा हात दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यात गेला. तो टेबलावर शेजारी पडून आहे आणि या लिखाणात त्याचा सहभाग नाही. माझे मन ठिकाणावर आहे. वकील लीलंड कीच म्हणतात की एवढे एक वाक्य कायद्याला पुरते. पण शपथेवर लिहायचे तर खरे लिहावे. एक गोष्ट सोडून मला सारे आठवते. ती गोष्ट कोणती, ते कलम पाचमध्ये येईल.

यापूर्वी सन १९५२ मध्ये केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. त्यात मी असे लिहिले होते की, "टिडवेल यांच्या घरातील कोणाही व्यक्तीस माझ्याकडून काहीही मिळू नये, मागावयास आली तरी." ते वाक्य मी तेव्हा तीनदा खोडून तीनदा सुधारून लिहिले होते. आज ते वाचून लाज वाटते.

कलम १. अंत्यविधी. माझी पत्नी ओडेसा हिच्या शेजारी मला पुरावे. वाद्ये नकोत. कोणी हौशी माणूस गिटार घेऊन आलाच तर त्याला गोड बोलून परत पाठवावे. जेवण चर्चच्या बायका करतील. त्यांच्या बटाट्याच्या सॅलडबद्दल माझे मत सर्वांना ठाऊक आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

कलम २. घर व जंगम मालमत्ता. सिक्स्थ अॅव्हेन्यूवरचे घर, त्यातले सामान, पिकअप गाडी आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझी भाची विल्मा जो हिला. ती दर रविवारी येते, माझी नखे कापते आणि मी न विचारता हवामान सांगते. मागचे पीकानचे झाड तोडू नये, एवढी विनंती आहे. हुकूम नाही, कारण मेल्यावर हुकूम कोण ऐकतो.

कलम ३. किरकोळ. आमच्या बँडचा म्होरक्या डॉईल गॅरिसन वेको इथे अजून हयात आहे. त्याची पांढरी हॅट माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे, ती त्याला परत द्यावी. ती ढोलकवाल्याने लांबवली असे तो एकतीस वर्षे सांगत आला. मी घेतली होती. कारण माझे एकट्याचे आवर्तन चालू असताना तोंड मिटून उभे राहायला तो माणूस कधी शिकला नाही. "घे रे हॉलिस, रडव त्यांना!" असे ओरडून तो माझे नाव पुकारायचा, लोक नाचता नाचता टाळ्या द्यायचे, आणि मी पहिला सूर ओढतो न ओढतो तोच याची मध्येच हाळी. तरी माणूस मनाचा मोठा होता. माझ्या आणि आमच्या फिडलवाल्याच्या भांडणानंतर (ते कलम चारमध्ये येईल) बँड मोडला तेव्हा त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. द्यायला हवा होता.

कलम ४. स्टील गिटार. दोन पट्ट्यांची, प्रत्येक पट्टीवर आठ तारा, सोबत पोलादी कांडी, बोटांच्या तीन नख्या आणि खुंट्यांवर टाकायचा निळ्या चौकटीचा पंचा. या पंच्यापासून सुरुवात केली पाहिजे.

पुढच्या पट्टीची जुळणी, म्हणजे कोणती तार कोणत्या सुरात लावायची ते, सगळ्या टेक्सासची होती. कोणीही तशा तारा लावायचा. मागच्या पट्टीची जुळणी माझी होती. ती बसवायला मला चार वर्षे लागली. त्या पट्टीवर कांडी सरळ ठेवली की नुसता जो झंकार निघायचा त्याने नाचणारी जोडपी पावले विसरायची. आमच्या धंद्यात जुळणी कोणी कोणाला सांगत नसे. मी तर पाणी प्यायला उठलो तरी आधी पंचा टाकायचो, पंच्याखाली हात घालून आठही खुंट्या सैल करायचो आणि मगच उठायचो. परत बसलो की पुन्हा जुळवायचो, कानाने, अर्ध्या मिनिटात. आम्ही रेकॉर्डी काढल्या चार; चारही रेकॉर्डींत मी पुढचीच पट्टी वाजवली. रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून कोणी चोरेल, ही भीती. मागची पट्टी फक्त नाचाच्या सभागृहांत आणि दुपारी बाराच्या रेडिओ कार्यक्रमात वाजली. जी वाजली ती हवेत गेली.

माझ्या डाव्या बाजूला आर्व्हिस टिडवेल बसायचा. फिडलवादक, लांब मानेचा, कमी बोलणारा. आमची लग्ने एकाच महिन्यात झाली होती. त्याची बायको इमोजीन मला भाऊजी म्हणायची आणि दर गुरुवारी आमच्याकडे मक्याचा पाव पाठवायची. सन १९३९ मध्ये रेडिओवर कार्यक्रम चालू असताना माझ्या मागच्या पट्टीची चौथी तार तुटली. नवी घातली, पण त्या गोंगाटात सूर सापडेना, आणि दुसऱ्या आवर्तनाला डॉईल माझे नाव पुकारणार हे नक्की. तेवढ्यात आर्व्हिस माझ्याकडे न बघता थोडा झुकला आणि फिडलवर एकच सूर हळू धरून बसला. नेमका चौथ्या तारेचा. मी तार त्याला मिळवली. कार्यक्रम संपल्यावर मी विचारले, "तुला कसं कळलं रे?" तो म्हणाला, "तीन वर्षं तुझ्या शेजारी बसतोय. बहिरा आहे का मी?" मी म्हणालो, "कुणाला बोलायचं नाही हं." त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी खुंट्यांवर पंचा टाकायला वळलो.

म्हणजे जुळणी दोघांना ठाऊक होती. हे मी पुढची नऊ वर्षे मनात धरून ठेवले.

मार्च १९४८. एका खाणावळीत मांस खात बसलो होतो आणि तिथल्या नाणे टाकून गाणी लावायच्या पेटीवर फोर्टवर्थच्या एका बँडची नवी रेकॉर्ड लागली. स्टील गिटारचे आवर्तन आले आणि माझ्या हातातला काटा खाली पडला. माझा झंकार. माझी मागची पट्टी. मी ती दुसऱ्यांदा लावून ऐकली नाही. तेवढे केले असते तर पुढचे काहीच लिहावे लागले नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारचा कार्यक्रम मी कसा वाजवला ते माझे मलाच ठाऊक नाही. शेवटचे गाणे संपले तसा मी उठलो आणि आर्व्हिसच्या तोंडासमोर उभा राहून ओरडलो, "कुणाला दिलीस रे माझी जुळणी? दोघांनाच माहीत होती, दोघांना! चोर आहेस तू, आर्व्हिस. शेजारी बसून चोरी केलीस!"

तो फिडल पेटीत ठेवत होता. मान वर करून एवढेच म्हणाला, "हॉलिस, दिवा बघ."

भिंतीवरचा लाल दिवा चालू होता. मायक्रोफोन बंद झाला नव्हता. पिठाची जाहिरात वाचणारा मुलगा कागद हातात धरून नुसता उभा होता. चार काउंट्यांत जेवायला बसलेल्या प्रत्येक घराने ऐकले. इमोजीनने इस्त्री करता करता ऐकले.

आर्व्हिसला त्यानंतर एकाही बँडने घेतले नाही. तो कोणाच्या शेजारी जाऊन बसला की लोक हसायचे, "खुंट्या झाका रे, टिडवेल आला." त्याने सरकीच्या तेलाच्या गिरणीत नोकरी धरली. फिडल भिंतीला टांगली ती टांगलीच. सन १९५८ मध्ये तो छातीच्या दुखण्याने गेला. मी त्याच्या दफनाला गेलो नाही. त्या दिवशी मी गाडी धुतली.

सन १९६१ मध्ये वाद्यांचा दुकानदार हवलिक दुकान बंद करून मुलाकडे निघाला होता. निरोप घ्यायला गेलो तर तो सहज बोलून गेला, "तुमची तारांची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, मिस्टर मेब्री. फोर्टवर्थचा तो स्टीलवाला आला होता ना एकदा, त्यालाही दाखवली. म्हटलं, बघ, आमच्या गावचा माणूस कसल्या जाडीच्या तारा वापरतो!"

मी दर दोन महिन्यांनी त्याला चिठ्ठी द्यायचो. पहिली तार इतक्या जाडीची, दुसरी इतक्या, अशा आठ ओळी, माझ्याच अक्षरात. खुंट्यांवर पंचा टाकणारा मी, तारांची जाडी क्रमवार लिहून काउंटरवर ठेवत होतो. कोणत्याही स्टीलवाल्याला त्यावरून जुळणी ओळखता येते, सात तारांपर्यंत तर नक्कीच. चौथी मात्र येणार नाही. माझी चौथी तार मी तिच्या जाडीला शोभेल त्या सुरात लावतच नव्हतो. ती थोडी उतरलेली असायची, पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. तिथल्या सुराला नाव नाही.

फोर्टवर्थवाल्यांची ती जुनी रेकॉर्ड मी शोधून आणली आणि घरी लावली. चौथी तार चुकीची होती. चिठ्ठी बघून माणूस लावेल तशी, सरळ. आर्व्हिसने सांगितली असती तर ती बरोबर लागली असती, कारण त्याला ती बरोबर ठाऊक होती. मी स्वतःला कानाचा माणूस म्हणवतो, आणि तेरा वर्षे मला हे ऐकू आले नाही. रागाने कान भरला होता.

हे कळल्यालाही आता अठरा वर्षे झाली. इमोजीनचे घर माझ्या घरापासून सात गल्ल्यांवर आहे. मी गेलो नाही. भित्रा होतो, याहून चांगले कारण शोधले, मिळाले नाही.

म्हणून सदर गिटार, कांडी, नख्या व पंचा श्रीमती इमोजीन रूथ टिडवेल यांस द्यावीत. (हे वाक्य रद्द. पाहा कलम ६.)

कलम ५. जुळणी. ही माझी खरी मालमत्ता. ती कोणा एकाला न देता ज्याला हवी त्याला मोकळी देतो. मागची पट्टी, बारीक तारेपासून जाड तारेकडे: पहिली ई. दुसरी सी शार्प. तिसरी बी. चौथी ________. पाचवी एफ शार्प. सहावी डी. सातवी बी. आठवी जी शार्प.

चौथीची जागा कोरी आहे. वकिलांना वाटले मी मुद्दाम लपवतो आहे. मी लपवत नाही. डाव्या हाताबरोबर तो सूरही गेला. पूर्वी डोळे मिटले की ऐकू यायचा. आता डोळे मिटले की फक्त माझाच श्वास ऐकू येतो. विल्मा जोला खुंटी पिळायला सांगून दोन दुपारी प्रयत्न केला. ती विचारायची, "मामा, इथे? की अजून थोडं?" आणि मला काहीच कळायचे नाही. चौथीशिवाय बाकीच्या सात म्हणजे फोर्टवर्थवाल्याची जुळणी. माझी नव्हे. माझी या जगात कुठेही उरलेली नाही, आणि ती पुसून टाकायला मीच जन्मभर राबलो.

कलम ६. दुरुस्ती. सप्टेंबरमध्ये मी इमोजीनला पत्र लिहिले. उत्तर येणार नाही अशी खात्री होती. ती स्वतः आली, चालत, हातात पर्स घट्ट धरून. बस म्हणालो तर दाराजवळच्या खुर्चीवर बसली. वकील कीच या कागदांसाठी आलेलेच होते. मी वरची सगळी कलमे तिला वाचून दाखवली. पाचव्या कलमाशी थांबलो आणि विचारले, "आर्व्हिसने कधी तुझ्याजवळ तो सूर... गुणगुणला असेल, काही?"

"मी विचारलं होतं एकदा," ती म्हणाली. "म्हणाला, ते हॉलिसचं आहे, आपण कोण सांगणारे."

मी कागद टेबलावर ठेवला.

"ती रेकॉर्ड आम्हीही आणली होती, मिस्टर मेब्री." पूर्वीचे भाऊजी तिच्या तोंडी आता नव्हते. "तो ऐकून हसला. मला म्हणाला, चौथी तार चुकलीय बघ. हॉलिसच्या कानाला कळेल. चार दिवस रागावेल आणि येईल. मग मी रोज संध्याकाळी एक कप जास्तीचा काढून ठेवायचे. त्यानंच सांगितलं होतं. दहा वर्षं. तुमच्या कानावर त्याचा फार विश्वास होता हो."

मी म्हणालो, "गिटार तू घे, इमोजीन. एवढं तरी घे."

तिने वकिलांकडे पाहिले. "मी ती घेतली तर या कागदावर साक्षीदार म्हणून सही करता येईल का मला?"

कीच म्हणाले, "नाही बाई. ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष घालू नये. घातली तर ते देणं रद्द होण्याचा धोका."

"मग मला गिटार नको," ती म्हणाली. "यांनी ते रेडिओवर म्हटलं, चार काउंट्यांनी ऐकलं. आता निदान कागदावर तरी खरं लिहिताहेत. ते लिहिताना यांचं डोकं ठिकाणावर होतं, हे सांगायला कुणीतरी पाहिजे. ते मी सांगेन."

ज्यांनी ते ऐकले होते त्यांतले बहुतेक जण आता जिवंत नाहीत, आणि ते रेडिओ केंद्रही राहिले नाही. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "माहितीये मला."

त्यानुसार कलम ४ चे शेवटचे वाक्य मी रद्द केले आहे. सदर गिटार कोणासही नाही. तारा उतरवून, पंचा घालून माझ्याबरोबर पुरावी. तारा उतरवायची तशी गरज नाही, त्या उतरलेल्याच आहेत.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी वकील लीलंड कीच यांस नेमतो. आर्व्हिस टिडवेल याने माझे काहीही चोरले नव्हते, हे मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणावाचून, खाली सही करून लिहून देतो.

ठिकाण: कोर्सिकाना, टेक्सास
दिनांक: ९ ऑक्टोबर १९७९

(सही) हॉलिस ट्रुएट मेब्री

आम्हां दोघांसमक्ष वरील इसमाने सही केली. आमच्या समजुतीप्रमाणे ते शुद्धीवर होते.

साक्षीदार १: (सही) बर्निस कोल, कीच यांच्या कचेरीतील टंकलेखिका

साक्षीदार २: (सही) इमोजीन रूथ टिडवेल, कै. आर्व्हिस टिडवेल यांची पत्नी. मी सर्व कलमे वाचली. या मृत्युपत्राने मला काहीही मिळत नाही.