मुदखेडच्या चर्चचं छत

मुदखेड
४ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णांस,
शरणार्थ. उमाचा सा. न. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच ‘हो हो’ म्हणता, म्हणून लिहूनच कळवते.

तुमच्या चर्चवर अखेर स्लॅब पडतोय! नव्या पाळकांनी मनावर घेतलं आणि नांदेडहून सोमेश नावाचा तरुण इंजिनिअर आणला. दिवाळी झाली की सेंट्रिंग, ११ नोव्हेंबरला स्लॅब, म्हणजे यंदाचा नाताळ आत. एकतीस वर्षं बिचारे शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उपासना करून राहिलेत. एस्तरबाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. शाळेत आम्ही दोघी बरोबर शिकवायचो तेव्हा त्यांच्याकडेच मी तुमचं नाव सुचवलं होतं, आठवतं ना?

कपाळाला विभूती लावून दर महिन्याला लातूरहून चर्च बघायला येणारा आर्किटेक्ट, असं अजून इथे तुमचं कौतुक चालतं. वहिनी चर्चला सवत म्हणायच्या, ते काही खोटं नव्हतं. स्वतःचं घर बांधायचं तेवढं राहून गेलं तुमचं.

चर्चच्या मंडळींनी तुमच्या सत्काराला शाल आणून ठेवली आहे. या, आणि या बहिणीवर आहे तशी माया असू द्या.
तुमची
उमा

लातूर
१० ऑक्टोबर २०२४

चि. उमास,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळाले. प्रकृती ठीक, गुडघा सोडून.

स्लॅबची घाई करू नये असे पाळकांना माझे नाव घेऊन सांग. छताच्या उताराचा नवा नकाशा मी काढतो आहे. पूर्वेकडच्या खिडकीची कमानही एकदा तपासायची आहे. त्या मुलाने दगडी बांधकाम किती पाहिले आहे, कोण जाणे. नाताळ काय, पुढच्या वर्षीही येईल. शाल सध्या नको.

निरोप आजच पोचव. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझा
गुरुपादअण्णा

मुदखेड
१७ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि. निरोप दिला. पाळक नुसतेच हसले. सोमेश म्हणाला की सरांचा हा सातवा नकाशा. काम संपलं तर उद्यापासून करायचं काय, याचीच सरांना धास्ती आहे. मी त्याला चांगलंच झापलं.

पण घरी आल्यावर मलाही तुमचा राग आला. आधी लाकूड वाईट निघालं, मग दगड पसंत पडेना, मग उतार चुकला. तुम्ही इतक्या खेपा घालता म्हणून या माणसांनी दर वेळी मान डोलावली. एस्तरबाईंनी हात धरून विनवलं, की अण्णांना म्हणावं मी लई दिवसांची सोबती न्हाई, एकदा आत बसू द्या.

खरंच काही खोट असेल तर सरळ लिहा. नसेल तर मुकाट्याने येऊन शाल घ्या. रागावले तरी तुमचीच,
उमा

लातूर
२४ ऑक्टोबर २०२४

चि. उमा,
आशीर्वाद. खोट आहे, आणि ती माझी आहे.

दगडी भिंतीला दोन अंगे असतात, आतले आणि बाहेरचे. दोघांना धरून ठेवायला मधून मधून आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो. ९३ च्या उन्हाळ्यात लांब दगड मिळालेच नाहीत. गुरुलिंग गवंडी थांबू म्हणत होता. बिशपसाहेब येण्याची तारीख ठरली होती, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो आणि मध्ये मुरूम भरायला लावला. जोत्यापासून वरपर्यंत त्या भिंतींत एकही आरपार दगड नाही.

सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. तसल्याच भिंती दोन्हीकडे फाकून माणसांवर पडलेल्या मी औशाकडच्या गावांत पाहिल्या. पुढे तीन वर्षे गावोगाव फिरून आरपार दगड घाला असे लोकांना सांगत होतो मीच. माझे सत्कार झाले. मग मुदखेडचे सांगायला तोंड उघडेना. छत घातलेच नाही तर कोणी आत बसणार नाही, एवढेच मी आजवर सांभाळले. भक्ती वगैरे काही नव्हती, उमा. मला भीती होती.

स्लॅबचे ओझे त्या भिंतींना पेलणार नाही. हे पत्र मंडळींसमोर वाच. मला तिथे उभे राहवणार नाही. एवढे माझ्यासाठी कर.
गुरुपाद

मुदखेड
१८ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,
सा. न. तुमचं पत्र दिवाळीभर मी देवघरातल्या खणात दडवून ठेवलं. तुमचं नाव जाईल म्हणून. दिवाळी सरली तसा रोज सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्याचा आवाज येऊ लागला. शेवटी स्लॅबच्या आदल्या दिवशी, रविवारी, शेडमध्ये उभी राहून वाचलं.

सोमेशने खिडकीखालचे दोन दगड काढले, तर फाटक्या पोत्यातून धान्य सांडावं तसा मुरूम बाहेर आला. चौथ्या दिवसापासून भिंती उतरवायला घेतल्या. बायका दगड वाहून नेतात. मीही जाते. मला कोणी नको म्हणत नाही, पण माझ्याशी बोलतही नाही.

एस्तरबाई तेवढ्या बोलल्या. त्यांच्या यजमानांच्या अंत्यविधीची प्रार्थना नव्या चर्चमध्ये व्हावी अशी त्यांची इच्छा होती. ती झाली शेडमध्ये, गळत्या पत्र्याखाली. बाई म्हणाल्या की अण्णांनी त्याच वर्षी सांगितलं असतं तर आम्ही तेव्हाच पाडून पुन्हा बांधलं असतं. आमची माणसं होती तवा, हातात बळ होतं.

मंडळींचा निरोप असा, की त्यांनी प्रार्थना करून तुम्हाला क्षमा केली आहे. फक्त तुम्ही पुन्हा मुदखेडला येऊ नये. नकाशेही पाठवू नयेत.

मला त्यांच्यासारखी क्षमा करता आलेली नाही, अण्णा. पण गोळ्या वेळेवर घेत जा.
उमा