बॉनेटवरचं स्वस्तिक

प्रिय निकेशदादा,

गाडी तयार आहे. शनिवारी न्यायला येशील तेव्हा कागदपत्रं तपासायला डॅशबोर्डचा कप्पा उघडशीलच, म्हणून हे पत्र तिथेच आरसी बुकाखाली ठेवतेय. तोंडावर काही सांगायला गेलं की तू 'हं, हं' करत बाहेर जाऊन उभा राहतोस. फोनवर तर जेवलास का, जेवलीस का, याच्या पुढे आपली गाडी सरकत नाही. आई गेल्याला आज एकेचाळीस दिवस झाले. मी अजून रडलेले नाही. सकाळी गाड्या पॉलिश करायचं दुकान उघडते, मशीन लावते, संध्याकाळी हात धुते. तुझा मेहुणा आदर्श म्हणतो, रडून घे गो एकदा. रडायला काय, नळ आहे का सोडायला?

तू म्हणालास, रविवारी गाडी विकत घ्यायला नागोठण्याचं गिऱ्हाईक यायचंय, त्याला बॉनेटवरचा लाल डाग नको आहे, तेवढा काढ. बरं म्हटलं. योगायोग बघ, त्याच आठवड्यात आदर्शने पनवेलहून नव्या प्रकारचे पॅड आणले. आजवर आम्ही जुना खराब रंग घासायला लोकरीचा पॅड वापरायचो आणि मग चमक आणायला फोमचा. हा नवा मायक्रोफायबरचा, बारीक केसाळ, टॉवेलसारखा. विकणारा म्हणे, एकाच पॅडमध्ये दोन्ही कामं. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. हमरापूरच्या पोरीला घासण्यातलं कोण शिकवणार? शाळेतून आल्यावर आपण दोघं कारखान्यात काय करायचो? गणपतीच्या सोंडेवरून काचपेपर फिरवायचो. आणि आई मागून बोट फिरवून बघायची, एवढासा खरखरीतपणा लागला की मूर्ती परत पुढ्यात.

तिचं बोटच तसं होतं. आख्ख्या आळीत डोळ्यांची आखणी करावी तर काशीबाईनेच. म्हणून तर तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला तू नवी कोरी गाडी दारात आणलीस, तेव्हा स्वस्तिक काढायचा मान तिचा. आणि तिने काय केलं? कुंकू वाऱ्याने उडेल, पहिल्याच पाण्यात जाईल, म्हणून मूर्तीच्या सोवळ्याचा लाल रंग वार्निशमध्ये कालवला आणि बोटाने झोकात काढलं. मूर्तीचा रंग टिकावा म्हणून जन्मभर जे केलं, तेच लेकाच्या गाडीला केलं. तू आतून नारळ घेऊन आलास आणि आळीतली सगळी माणसं उभी असताना ओरडलास, "वाट लावलीस गाडीची! अक्कल हाय का?" ती पदराने पुसायला लागली, मग धावत जाऊन थिनर घेऊन आली. त्याने स्वस्तिक तर गेलं नाहीच, भोवतीचा पांढरा रंग मात्र मेला. पेढे वाटले गेले. मी पण एक खाल्ला.

त्यानंतर आई तुझ्या गाडीत बसली नाही. एकदाही नाही. "मना गाडी लागते," म्हणायची आणि आपण ते धरून चाललो. माझ्याकडे रोह्याला यायची तीसुद्धा पेणहून रेल्वेने. अलीकडचं निडी स्टेशन गेलं की पिशवी उचलून दाराशी उभी राहायची, रोहा पुढे निघून जाईल म्हणून. आता रोह्याला गाडी थांबल्याशिवाय राहते का? दादा, हीच बाई भाद्रपदाच्या आधी मूर्तींच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून पार वाशीपर्यंत जायची, वाटेत भजी खायची. तिला गाडी लागत नव्हती. मला ते माहीत होतं. तुलाही असणार. पण तूही तो डाग काढायला गाडी माझ्याकडे कधी आणली नाहीस, आणि का आणत नाहीस, ते मी विचारलं नाही.

काल सकाळी गाडी शेडमध्ये घेतली. नवीन पॅड आला की आमची एक पद्धत आहे. खराब भागाच्या बरोबर मधून चिकटपट्टी लावायची, एका बाजूला नवा पॅड, दुसऱ्या बाजूला जुना, घासायचं कंपाउंड तेच. मग दोन्ही बाजू उन्हात नेऊन बघायच्या. हातच्या काकणाला आरसा कशाला. मी स्वस्तिकाच्या मधोमध पट्टी मारली. उजवा अर्धा नव्या पॅडने घेतला. मशीन हलकं चाललं, बॉनेट तापलं नाही, चार मिनिटांत लाल गेलं आणि रंग आरशासारखा. विकणारा खोटं बोलला नव्हता. मग डावा अर्धा लोकरीने, आमच्या जुन्याच पॅडने, जो सहा वर्षं खिळ्याला टांगलेला आहे. त्याला दहा मिनिटं लागली. मागे गोल गोल ओरखडे राहिले, ते फोमने काढले. पण लाल त्यानेही गेलं. सगळं गेलं. पट्टी काढली तर मध्ये बोटभर उभी रेघ तेवढी उरली होती. तीही काढली. मला काहीच वाटलं नाही. मी पॅड झटकले आणि चहा प्यायले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आई माझ्याकडे आली की विचारायची, "निशे, तुमी डाग काढता ना? दादाच्या गाडीवरचा निघंल का गो? निघाला तर मंग बसंन मी त्याच्या गाडीत." तीनदा विचारलं तिने. शेवटचं या होळीला. आणि तिन्ही वेळा मी म्हणाले, नाही निघत आई, आत मुरलाय. न बघता म्हणाले. मला तो डाग काढायचाच नव्हता. तू तिला चारचौघांत बोललास म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. वाटायचं, राहू दे, रोज स्टीअरिंगवर बसलास की तुझ्या नाकासमोर दिसू दे. तुझी खोड मोडायला गेले आणि ती मात्र पिशवी घेऊन रेल्वेच्या दाराशी उभी राहिली. तुला वाटत असेल की तिला गाडीतून तू उतरवलंस. तेवढंच खरं नाही. काल मशीन बंद केल्यावर मी मनाशी म्हणून बघितलं की हा पॅड आधी नव्हता ना, मग मी काय करणार. पण जुना तर होता खिळ्याला. दहा मिनिटांचं काम होतं, दादा.

तुझीच,
निशी