चौदावी रेघ

६ जानेवारी, सोमवार

अंधेरीतल्या प्रयोगशाळेत रुजू झाले. झकास जागा! मी नागपूरची, पोहता येत नाही, म्हणून आईला मुंबईच्या समुद्राची धास्ती. तिला सांगितलं, माझा समुद्र प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतो. शिंपला ज्या पाण्यात वाढतो त्याचं तापमान रोज एका बारीक रेघेत साठवत जातो. आम्ही एकेक रेघ कोरून पूड काढायची, यंत्राला द्यायची, की हजारो वर्षांपूर्वीचा समुद्र किती कोमट होता ते कळतं.

माधुरी मॅडमनी पहिलाच शिंपला दिला तो पाच हजार वर्षांचा, मनोरीच्या खाडीकाठी खोदताना सापडलेला. सवयीप्रमाणे जीभ लावली; जुना जीवाश्म जिभेला चिकटतो. हा इतका चिकटला की ओढून काढावा लागला. शिंपले कापणारा लवू मालवणचा. त्याने विचारलं, "मीठ कमी आसा काय गो?" सगळे हसले.

९ जानेवारी, गुरुवार

१०२ ताप. सवयच वाईट, लगेच सेल्सिअस केलं: ३८.९. पडून राहवत नाही, उगाच कूस बदलत राहिले.

१४ जानेवारी, मंगळवार

लवूच्या घरचा तिळगूळ खाल्ला. पण कामाची पार वाट लागली. सुरुवातीच्या रेघा ठीक: २७, २८, २६. मग एक काळी रेघ, आणि तिच्यापुढे ३६.६, ३६.७, ३६.८. चौथी तर ३८.९! मॅडम म्हणाल्या, यंत्र तपासा. तपासलं. तेच आकडे.

१५ जानेवारी, बुधवार

ही रोजनिशी मागे उलटली. चौथी रेघ ३८.९. मला येऊन चौथा दिवस, नऊ तारीख, ३८.९. जीभ लावली त्या दिवसापासून शिंपल्यात माझं अंग लिहिलंय. खूप भीती वाटतेय.

भिंगाखाली मोजलं. काळ्या रेघेपुढे चौदा रेघा. पंधरावी नाही. चौदावा दिवस म्हणजे एकोणीस, रविवार.

१६ जानेवारी, गुरुवार

लवूला बजावलं, पुढच्या रेघा कोरू नकोस. एका जागी बसवत नाही. तीनदा जिना उतरून परत चढले.

१७ जानेवारी, शुक्रवार

मॅडमना नाही कोण म्हणणार? लवूने उरलेल्या कोरल्या. तेराव्या रेघेपर्यंत ३६, ३७. चौदावी— २४. थंड पडलेलं अंग.

इथला एसी कायम चोवीसवर असतो. म्हणजे याच खोलीत—

१८ जानेवारी, शनिवार

उद्या एसीच्या आसपास फिरकायचं नाही. मैत्रीण मीरा मनोरीला राहते. एसी नाही, अंगणात दिवसभर ऊन. शिंपला पर्समध्ये घेतलाय, वाटेत फेकून देईन. सुटले एकदाची.

१९ जानेवारी, रविवार

मनोरीला जायला मार्वेहून खाडी ओलांडणाऱ्या होडीत बसले. ऊन छान आहे. शिंपला काढला, वाकून फेकला—

नाही. तळहाताला चिकटलाय. सुटत नाही. शेजारची बाई म्हणाली, हात पाण्यात धर, सुटेल. धरला. गार—

जानेवारीत इथलं पाणी किती असतं? मलाच तर ठाऊक. चोवीस. शिंपला खोलीचं तापमान लिहीत नाही, पाण्या—