साहेब ड्युटीवर आहेत

५ एप्रिल, रवि.
सक्करदऱ्याच्या पुढचं घर पाहिलं. दलाल ठा. सोबत. यंदाचं सहावं. फ्लॅट काढायचाच आहे, तिसरा मजला आता होत नाही. मिनू रोज फोनवर पुण्याला ये म्हणते. पुण्याला जायचं नाही म्हणून घरं बघत सुटले आहे, असंही असेल.

जुनं बांधकाम. निम्म्या प्लॉटवर घर, बाकी अंगण. कडुलिंब, दोन सीताफळं, लिंबू, मागे विहीर. स्वयंपाकघरात ओल. मालक रिटायर गुरुजी, हैदराबादला मुलाकडे चालले. गुरुजी कमी बोलतात. काकू भरपाई करतात.

काकूंनी विचारलं, "साहेब नाही आले वं?"

माझ्या कपाळावर टिकली, गळ्यात काळी पोत. तेव्हा काढली नाही, पुढे काढायचं सुचलं नाही. म्हटलं, ड्युटीवर आहेत. विजेच्या खात्यात, लाइनवर. उन्हाळ्यात सुट्टी कुठली.

हे जाऊन तेरा महिने झाले. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. काही वाटलंही नाही.

७ एप्रिल, मंगळ.
कॉलेजात पुस्तकांची मोजणी. डबा तसाच परत आणला.
मिनूला घराचं सांगितलं. म्हणाली, आई, एवढ्या अंगणाचं तू एकटी काय करशील? बरोबर आहे. अंगण ह्यांना हवं होतं. वीस वर्षं एकच, "फ्लॅटात माणूस टांगल्यावानी राहते वं." मी म्हणायचे, अंगण झाडणार कोण? तो प्रश्न अजून तसाच आहे.

१२ एप्रिल, रवि.
परत गेले. मुद्दाम दुपारी दोनला. नागपुरात घर पाहायचं तर उन्हाळ्यात, भर दुपारी. हिवाळ्यात सगळीच घरं गुणी असतात. समोरची खोली तापते, मधली बरी. विहिरीत बादली सोडून पाहिली, पाणी आहे. वायरिंग लाकडी पट्टीतलं, अर्थिंगचा पत्ता नाही. म्हटलं, साहेब म्हणतील सगळं बदला. गुरुजींनी मान डोलावली. लाइनवाल्याचा शब्द. किमतीचं काय, तर ह्यांना विचारून सांगते. हयातीत एवढं कधी विचारलं नव्हतं.

काकूंनी साहेबांची स्कूटर कुठे लावायची ते दाखवलं. कडुलिंबाखाली नको, पाखरं घाण करतात. ड्युटीवरून आले की खाट कुठे टाकायची, तेही. मी हो हो करत होते. तिथे असेपर्यंत हे कुठल्यातरी खांबावर चढलेले असतात आणि संध्याकाळी घरी येणार असतात. फाटकाबाहेर आलं की संपतं.

१५ एप्रिल, बुध.
ठा.चा फोन. गुरुजी तयार. इसार रविवारी, अक्षय्य तृतीया आहे. काकूंची एकच अट, घेणाऱ्यांनी आधी जोडीनं विहिरीची पूजा करायची, मग कागद. त्यांनीही हे घर तसंच घेतलं होतं. "साहेबांले अर्धा दिवस सुट्टी टाकायले सांगा मॅडम." ठा.लाही माहीत नाही. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

संध्याकाळी नणंदेचा फोन. वर्षश्राद्ध झालं, तर ह्या तृतीयेला दादाच्या नावानं घागर भर, विसरू नको. म्हणजे एकाच दिवशी जोडीनं पूजाही आणि घागरही. हसू आलं नाही, रडूही नाही. भाजी करपली.

१८ एप्रिल, शनि.
साहेब आजारी आहेत, असं सांगता येईल. किंवा बदली झाली. पण किती दिवस? रजिस्ट्रीच्या वेळी कळणारच.

काकू भल्या आहेत, खरं सांगितलं म्हणून घर नाकारणार नाहीत. घर मिळेल, हे जातील. आणि घर सोडून दिलं तर हे तिथे कायमचे ड्युटीवर राहतील. वेडेपणा आहे. कळतं. तरी दिवसभर तेच

१९ एप्रिल, रवि.
सकाळी दहाला गेले. विहिरीजवळ दोन पाट, भोवती रांगोळी. काकू फाटकाकडे बघत उभ्या. "साहेब मागून येऊन राह्यले का?"

"काकू, ते नाहीत. मागच्या मार्चमध्ये गेले. मी खोटं बोलले."

वाटलं होतं चिडतील. त्या पाटावर बसल्या आणि मोठ्यानं रडायलाच लागल्या. "काहून असं केलं वं बाई? मी तं त्यायच्यासाठी पन्हं करून ठेवलं." बाकी सगळ्यांचं रडून कधीच झालं. काकूंसाठी हे आज गेले. मीच त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले. माझे डोळे कोरडे. लाज वाटली.

गुरुजींनी ह्यांचं नाव विचारलं. दोन आठवडे नुसते 'साहेब', नाव मी एकदाही घेतलं नव्हतं. वसंत, म्हटलं. काकूंनी डोळे पुसले, मातीची नवी घागर आणली, विहिरीच्या पाण्यानं भरली आणि त्यांच्या नावानं ठेवली. वर एक कैरी. घरी येऊन मी वेगळी भरली नाही.

इसार झाला नाही. निघताना गुरुजी म्हणाले, मनात असेल तर घर तुमचंच, महिनाअखेर सांगा. काकूंनी पन्ह्याची बाटली हातात दिली. रिक्षात बसून सगळं प्यायले.

२१ एप्रिल, मंगळ.
दोन दिवस कामावर गेले नाही. ताप नाही, काही नाही. जगात एक घर होतं जिथे हे अजून होते, ते मीच घालवलं. आज मात्र दुपारी भूक लागली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

चारला ठा.चा फोन. "मॅडम, हो समजू का नाही?" म्हटलं, आधी घर पाहायचं आहे. तो म्हणाला, दोनदा पाहिलं की, बादली सोडून पाणीसुद्धा पाहिलं.

म्हटलं, ते ह्यांच्यासाठी पाहिलं होतं. मी अजून पाहिलेलं नाही.