पहिली सुरी

प्रिय महारुद्र,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू घाईत असतोस आणि मीही "बरी आहे" म्हणून मोकळी होते. म्हणून आज कागद घेतला. सकाळी देवपूजा, मग एकटीपुरता स्वयंपाक. रोजचा हिशेब अजून लिहिते, पण दूध आणि चहा-साखर लिहिली की वही मिटते. तुझे आण्णा होते तेव्हा पान पुरत नसे.

दुपारी शाळेत पोरांना जेवण वाढायला जाते. राजेश्री मॅडमनी शाळेमागं मुलांसाठी परसबाग केली, ती तुला माहीत आहे. लेकरं नुसत्या भातावर वाढलेली. तपासणीत निम्म्यांच्या अंगात रक्त कमी निघालं, तेव्हा मॅडमनी हात धुण्याचं पाणी चर काढून वाफ्यांत सोडलं. पालक, मेथी, शेवगा लावला. भोपळ्याचं बी मात्र माझं. आण्णांनी शेवटचा भोपळा कापला, तेव्हा राखेत घोळून ठेवलेलं. कुंपणभर वेल गेला, लय भोपळे लागले. आपल्यात भोपळ्याला बाई पहिली सुरी लावत नाही, म्हणून शेजारचे दत्तराव येऊन लावून जायचे. मग शाळेत स्वयंपाक करणारी कडूबाई भाजी करायची. एक भोपळा मॅडमनी मला घरी दिला. तो मी देवघराशेजारी ठेवला. म्हटलं, दिवाळीला महारुद्र आला की कापेल.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर फोनला मी म्हणायची, भोपळा तुझी वाट बघायलाय. तू हसायचास, "आई, भोपळाच ना, तो कुठं पळून जातो?" कडूबाई तर तोंडावर म्हणाली, "काकू, पोराची वाट बघून भोपळ्याला दाढी फुटंल आता."

फाल्गुनात बोअर आटला, वाफे वाळले. पोरांच्या ताटात परत नुसता वरणभात. पहिलीत रेणुका म्हणून एक पोर आहे, तोंडाचे कोपरे कायम चिरलेले. आधी भाजी निवडून बाजूला काढायची. परवा ताट घेऊन माझ्यापाशीच आली, "आजी, पिवळी भाजी सरली का?" मला हो म्हणवेना. घरी होती ना.

काल भोपळा कडेवर घेऊन शाळेत गेले, तुला न्यायची तसाच. कडूबाई मागं सरकली. "मी न्हाई बाई हात लावायची. दत्तरावांला हाक मारते." मी नको म्हटलं. तुझा हात नाही तर मग माझाच. देवीचं नाव घेतलं आणि सुरी लावली. आतून केशरी निघाला, नुसता घमघमाट. रेणुकानं भाजी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी दिवा लावायला बसले तर देवघराशेजारची जागा मोकळी. बी धुऊन तिथंच वाळत घातलंय. बाळा, दत्तरावांनी तो भोपळा कधीच कापून दिला असता. पण तो होता तोवर तुला "ये" म्हणायला काहीतरी होतं. ते निमित्त मी माझ्याच हातानं कापून पोरांना वाढलं. पुढच्या फोनला काय सांगून बोलवू, सुचेना, म्हणून हे पत्र. इथं आता तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. तरी ये.

वाट बघणारी,
तुझीच आई